मुका झालेला पूल

किल्लीच्या डोक्यावर अक्षरं ठोकलेली होती, मधली दोनतीन झिजून सपाट झालेली, तरी वाचता येत होतं — नक्कल काढू नये — आणि ती किल्ली बोटांत फिरवताना तिला वाटलं, परवापासून जो तो आपल्याला हेच सांगतोय. किल्ल्यांच्या दुकानाच्या काउंटरपलीकडे बेकरीत काम करणारी बाई उभी होती. बाहीला पीठ, कपाळावर घाम, आणि घाई तर अशी की भट्टीत पाव ठेवून आली असावी. कदाचित आलीही असेल. दुसरी किल्ली हवी, आजच हवी, असं ती दोनदा म्हणाली.

तिचे हात दुकानात होते, मन घरी दादाच्या खोलीत, संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या कर्ण्यापाशी अडकून पडलं होतं. परवा सकाळी, तिने चॅनलवर टाकलेल्या खेळाच्या मुद्रणात, त्या कर्ण्यावर तिरकी रेघ आली होती. रेघ म्हणजे आवाज बंद. चित्र सगळं जागच्या जागी — दरी, धुकं, लाकडी पूल, पुलावरून चालणारा तो टोपीवाला वाटसरू — आणि आवाज मात्र पुसून टाकलेला, संगीताचाही, तिचाही, दादाचाही. खाली दोन ओळी होत्या की ध्वनिमुद्रणात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळलं आहे. आढळलं! जसं काही तिने ते कुठे दडवून ठेवलं होतं...

खरं तर ते संगीत दडवलं असतं तर काहीच झालं नसतं. इंटरनेटवर खेळ प्रसारित करणारे सगळे तेच करतात. सुरू करण्याआधी खेळाचं पार्श्वसंगीत बंद करून टाकायचं, म्हणजे कुणाची नोटीस येत नाही आणि कुणाचं काही बिघडतही नाही, कारण बघणारे बघत असतात. पण तिचे लोक बघत नव्हते. तिचे लोक ऐकत होते. रविवारी सकाळी तिच्या चॅनलवर जमणाऱ्या त्या मंडळींत बहुतेकांची नजर गेलेली किंवा जाऊ घातलेली. त्यांत एक निवृत्त बसचालक होता आणि त्याने स्वतःचं नाव घेतलं होतं ‘मागचा आरसा’. ते सगळे तिला ‘चिमणी’ म्हणून ओळखत, कारण घरी दादा तिला तेच म्हणायचा आणि पहिल्याच रविवारी त्याने सगळ्यांदेखत तशी हाक मारली होती. झालं. बारसं झालं.

दादाची नजर गेली ती कडेकडून आत, हळूहळू. आधी दाराच्या चौकटी गेल्या, मग माणसांचे खांदे, मग चेहरे. हा खेळ दोघं कॉलेजच्या वयापासून खेळत आलेली, एकाच सोफ्यावर, एकाच रिमोटसाठी भांडत. पण नजर गेल्यावर तो नुसता रिमोट हातात धरून बसायचा, काही न दाबता, आणि ती स्वयंपाकघरातून ते बघायची आणि तिला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. कुणाचा राग, ते तिला सांगता आलं नसतं. मग एकदा भांडी पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की पुलावर जिथे फळी तुटलेली आहे, तिच्या जरा आधी बासरी थांबते. डोळ्यांनी खेळणाऱ्याला ते कधी कळायचंच नाही. बासरी थांबते, खालून ढोल सुरू होतो, आणि उडी मारून पलीकडे पोचलं की बासरी पुन्हा येते. ज्याने कुणी ते संगीत रचलं, त्याने संगीतात वाट घालून ठेवली होती. ती फडकं हातात घेऊनच धावत गेली. "बासरी थांबली की थांब," ती म्हणाली होती, "ढोलावर उडी मार."

आणि दादा पलीकडे गेला होता.

पुढे एका रविवारी त्याने तोच पूल सगळ्या मंडळींना ऐकवत ओलांडला, आणि त्याच मुद्रणाचा आवाज आता बंद झाला होता.

"ताई, काढताय ना?" बेकरीवाल्या बाईने विचारलं.

तिने किल्लीवरची अक्षरं दाखवली. दाराचा मालक आल्याशिवाय अशी किल्ली कापत नाही, असं सांगितलं. बाईला नवल वाटलं नाही. ती आधी दोन दुकानांतून असंच ऐकून आली असावी. घरमालक परगावी, फोन उचलत नाही, किल्ली एकच दिलेली. आई अंथरुणावर, ती उठून दार उघडू शकत नाही. आपण कामावर असताना बहीण येते ती दाराबाहेर ताटकळते — हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग गप्प राहिली. या गप्प राहण्याचीच तिला भीती वाटली. खोटं बोलणारी माणसं सहसा बोलत राहतात... पण तेही काही खरं नाही. किल्लीच्या धंद्यात चेहऱ्यावर जाऊन चालत नाही.

तिने आतल्या बाजूला बघितलं. मामा मोडक्या कुलपाचं पोट उघडून बसले होते. दुकान त्यांचं, हात तिचे, अशी आता वाटणी होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दार पाहिलंस?"

दार पाहणं हा मामांचा कायदा. किल्लीबद्दल शंका आली की कापायची नाही आणि हाकलूनही द्यायचं नाही. माणसाबरोबर उठून जायचं, दार बघायचं, दारामागे कोण आहे ते बघायचं, मग ठरवायचं. धंद्यातले बाकीचे त्यांना यावरून हसायचे. तिलाही पूर्वी हे म्हणजे नसती उठाठेव वाटे.

ती बाईबरोबर निघाली. रस्ता ओलांडून, औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत, तीन मजले चढून. चालता चालता तिला वकील आठवले, किल्ली आत विसरून घराबाहेर अडकण्याची सवय असलेले, मामांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी काल दुकानातल्या स्टुलावर बसून सगळं नीट समजावलं होतं. खेळ बनवणाऱ्यांची काही तक्रार नाही, त्यांच्या नियमांतच लिहिलंय की खुशाल दाखवा. पण खेळातलं संगीत त्यांनी दुसऱ्या कंपनीला विकलं, आता ते त्या कंपनीचं, आणि प्रसारण म्हटलं की त्या कंपनीची परवानगी लागते. कायदा तसाच आहे. त्यात शिकवण्यासाठी, टीका करण्यासाठी, अपंगांसाठी थोडी जागा सोडलेली असते, पण ती जागा अरुंद, आणि आपण तिच्यात मावतो हे आपणच दाखवायचं. हरकत घ्यायची तर खरं नाव, खरा पत्ता, आणि कोर्टात यायची तयारी आहे असं लिहून द्यायचं. मुदत आज संध्याकाळपर्यंत. नाही घेतली तर ही तिसरी नोटीस पक्की, आणि तिसरीनंतर चॅनलच बंद, सगळे रविवार पुसलेले.

"तुमची बाजू लंगडी नाही," वकील म्हणाले होते. "पण समोरच्याकडे वेळ भरपूर आहे, आणि तुमच्याकडे दुकान आहे."

हे तिला रात्रभर टोचत राहिलं. मी भित्री नाही, तिने जिना चढताना स्वतःला बजावलं, मी फक्त हिशेबी आहे... आणि लगेच कळलं की हे भित्र्या माणसाचंच बोलणं. शिवाय तिला त्या कंपनीचं म्हणणं पूर्ण चूकही वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत. संगीत कुणीतरी रचलं होतं. ते कुणाचं तरी होतं. अक्षरं ठोकलेल्या किल्ल्या ती स्वतः रोज न कापता परत करत होती. म्हणूनच दुसऱ्या नोटिशीच्या आधी तिने शहाणपणा केला होता — संगीत बंद केलं आणि स्वतःच्या तोंडाने बासरी गुणगुणली, ढोलासाठी टेबल बडवलं. चॅनलवर दुसऱ्याचं संगीत हुडकणाऱ्या यंत्राने तेही पकडलं. दादा पोट धरून हसला होता. "म्हणजे तू सुरात गातेस," तो म्हणाला, "याचा आता लेखी पुरावा आहे." तीही हसली होती. पण नोटीस ती नोटीसच.

बाईने दार उघडलं. खोलीत औषधांचा वास होता, आणि खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारी, पांघरुणाबाहेर फक्त तोंड आणि एक हात. तिने लेकीकडे पाहिलं, मग या परक्या बाईकडे, आणि विचारलं, "डॉक्टर आलेत का?" लेक म्हणाली, नाही गं, किल्लीवाल्या ताई आहेत. म्हातारीने त्यावर समाधानाने डोळे मिटले. बस, एवढंच. पाहण्यासारखं याहून जास्त तिथे काही नव्हतं.

उतरताना मात्र तिचे पाय भराभर पडत होते. नोटीस पाठवणाऱ्या यंत्राने दार पाहिलं नाही, तिच्या मनात येत होतं, यंत्राने फक्त किल्लीचे दात मोजले. दात जुळले, आवाज बंद. दारामागे कोण पडलंय हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि सांगायला गेलंही नाही कुणी. कोण जाणार? मागचा आरसा? तो तर मला विचारत होता, चिमणीताई, पूल परत कधी ऐकवणार? मी त्याला गोलगोल उत्तर दिलं...

दुकानात येऊन तिने जुनी किल्ली कापायच्या यंत्राच्या एका जबड्यात धरली, कोरी दुसऱ्यात. यंत्राचं टोकदार बोट जुन्या किल्लीच्या दातांवरून सरकू लागलं आणि शेजारी चाक तसंच्या तसं पितळ कापत गेलं. कापून झाल्यावर तिने कडा घासल्या आणि मग ठसा उचलला. या दुकानाची ही दुसरी रीत — इथे कापलेल्या प्रत्येक किल्लीवर कापणाऱ्याची खूण ठोकायची. उद्या घरमालक विचारत आला तर कुणी कापली हे शोधायला नको. त्याने यावं, भांडावं, तिने त्याला म्हातारी दाखवावी. लहानपणी तिने मामांना विचारलं होतं की अशाने आपणच नाही का सापडणार. मामा म्हणाले होते, सापडायचं नसेल तर कापू नये.

तिने हातोडी मारली. खूण उमटली.

बाई किल्ली घेऊन गेली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. छातीत काहीतरी घट्ट बसलं होतं. दुपारभर ती कापत राहिली, सायकलींच्या, कपाटांच्या, एका पेटीची इवलीशी, आणि त्या घट्ट गोष्टीला हळूहळू आकार येत गेला. भीती होती ती, यात शंका नाही. पण सकाळची भीती पळायला सांगत होती, ही सांगत नव्हती.

संध्याकाळी घरी आली तर दादा पुलावर होता. त्याच्या कानांवर हेडफोन होते, पडद्यावर वाटसरू धुक्यात चालत होता. तिच्या चाहुलीने त्याने एक कान मोकळा केला. हरकतीचं काय केलंस, असं त्याने विचारलं नाही. तो सकाळीच म्हणाला होता की सोड ना, खेळच आहे तो, कोर्टकचेरी कशाला. आवाज अगदी सहज होता. इतका सहज की तिला तो खोटा वाटला होता. आपल्या वाटणीची माघार त्याने आधीच घेऊन ठेवली होती, म्हणजे तिला ती घ्यावी लागू नये.

ती आपल्या खोलीत गेली. दार उघडंच ठेवलं. पडद्यावर मुका पूल उघडला आणि बघत बसली — वाटसरू चालतो, थांबतो, उडी मारतो, पलीकडे पोचतो. त्यानंतर कडेच्या चौकटीत दादाचे ओठ हलतात. आवाज नाही. पण तिला काय ऐकायचं होतं? ते तर तिला पाठच होतं. त्या रविवारी पलीकडे पोचल्यावर तो सगळ्यांना, त्या न दिसणाऱ्या सगळ्या मंडळींना उद्देशून म्हणाला होता:

"इथे मी कुणाचा हात न धरता चालतो."

ओठ हलून थांबले. तिने हरकतीचं पान उघडलं. का घेता हरकत, याचं उत्तर तिला भराभर सुचलं. ऐकून चालणाऱ्यांसाठी ही वाट आहे, येऊन बघा, हवं तर डोळे मिटून बघा, असं तिने लिहिलं आणि ते वकिली नाही म्हणून खोडलंही नाही. अडली ती वरच्या पहिल्याच रकान्यापाशी. पूर्ण नाव. दुकानात ती ताई, घरी चिमणी, रविवारी चिमणीताई. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, तिने शेवटचं कधी उच्चारलं होतं? त्या कंपनीतला कुणी ते वाचेल. कदाचित एखादा कारकून कोर्टात ते मोठ्याने पुकारेल, चुकीच्या ठिकाणी तोडून. पुकारू दे. पण त्याआधी ते आपल्याला ओळखीचं तरी व्हायला हवं.

तिने हात मांडीवर ठेवले आणि नाव म्हणून पाहिलं. पहिल्यांदा पुटपुटत, आणि ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं म्हणून पुन्हा, चांगलं खणखणीत, खोलीभर.

पलीकडे बासरी थांबली.

"कुणाला हाक मारतेयस गं?" दादाने विचारलं.

"मलाच," ती म्हणाली.

त्याने पुन्हा रिमोट सावरला. मग ढोल सुरू झाला, त्याच्या हेडफोनमधून झिरपणारा, बारीक, आणि ती नाव लिहायच्या तयारीत रकान्यावर बोट ठेवून त्याच्या उडीची वाट बघत राहिली.