सूज उतरेपर्यंत

तो पोहायला शिकवायचा, पण तलावावर कुणीच त्याला उघड्या अंगाने पाहिलं नव्हतं. पाण्यात उतरायचा तेही गडद निळा, जाड टी-शर्ट घालून. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "क्लोरीनने अंगावर पुरळ येतं." एकदा एका चिमुरडीने विचारलं, "मग सर, तुमच्या पायांना का नाही येत?" सगळा तलाव हसला, तोही हसला आणि टी-शर्ट अंगावर तसाच राहिला.

वयात येताना त्याची छाती वाढली होती. कितीतरी मुलांचं तसं होतं आणि आपोआप जातं. त्याचं गेलं नाही. त्याआधी तो दिवसदिवस पाण्यात पडलेला असायचा. मग कपडे बदलायच्या खोलीत मुलांनी त्याच्यासाठी एक शब्द शोधून काढला, तो शब्द शाळा संपेपर्यंत त्याच्या मागे फिरला आणि त्याने अंगावर कापड चढवलं ते चढवलंच. पुढे त्याने व्यायाम केला, उपासमार करून घेतली. पोट आत गेलं, गालफडं बसली, छाती मात्र जागची हलली नाही.

लग्न झालं तेव्हा त्याने बायकोला एवढंच सांगितलं होतं, "मला उजेड नको असतो." ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "आता स्पष्ट दिसतंय?" असं विचारणारी. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ती छातीवर डोकं टेकवायला आली की त्याचा तळहात आपसूक मध्ये यायचा. इतकी वर्षं ती त्या तळहातावरच डोकं ठेवत आली होती. एकदाच म्हणाली, "तुझ्या हाताची नाडी मला पाठ झालीय. आतले ठोके कसे असतात, कुणास ठाऊक."

हे बोलून ती झोपून गेली. त्याला मात्र ते वाक्य चप्पलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. शेवटी तो डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "हे काढून टाकायचंय."

ऑपरेशन ठरल्यावर त्याची आत्या आपली पिशवी घेऊन राहायला आली. आत्याचा सारा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेला. निवृत्त झाली होती, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. आल्याआल्या तिने आरामखुर्ची खिडकीशी ओढली, पाठीमागे उशा रचल्या आणि जाहीर केलं, "बाळ्या, आता तुझा पलंग हाच. आडवं व्हायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. डोकं आणि छाती उंच राहिली की सूज लवकर उतरते."

तो चाळिशीला टेकला होता, तरी आत्यापुढे बाळ्याच.

पहिल्यांदा पट्ट्या सोडल्या तेव्हा त्याने आरसा मागितला. छाती फुगलेली, काळीनिळी, डावी बाजू उजवीपेक्षा वर आलेली. त्याने आरसा पालथा ठेवला.

"आत्या, होतं तसंच आहे. उलट जास्तच आहे."

"ती सूज आहे रे. आगंतुक पाहुणी. धक्के मारून जात नाही."

"मग काय करायचं?"

"तिचे लाड करायचे नाहीत. खारट खायचं नाही, वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. घरातल्या घरात चालत राहायचं. आणि हे चिलखत उतरवायचं नाही."

चिलखत म्हणजे घट्ट विणीची एक बंडी. ती सतत अंगाला आवळलेली असायची, म्हणजे आत पाणी साठायला जागा राहत नाही. काखेत काचायची, पाठीला खाज सुटायची. तो बर्फ लावू का म्हणाला तर आत्याने डोळे वटारले. "तुझी कातडी बधिर झालीय. गारठून चटका बसला तरी तुला कळायचं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही."

बायको जमिनीवर गादी टाकून झोपायची. सुटीच्या दुपारी ती खुर्चीच्या पायाशी बसायची आणि त्याच्या घोट्यावर हात ठेवायची. दुखणार नाही अशी तिला पोचता येण्यासारखी तेवढीच जागा होती. तिच्या केसांचा भांग त्याला वरून दिसायचा. हात लांबवला तर टाके ओढायचे. एकाच खोलीत असून ती परगावी असल्यासारखी वाटायची. आत्या स्वयंपाकघरातून भांडी जास्तच मोठ्याने वाजवत राहायची, बहुधा मुद्दामच.

हळूहळू सूज उतरायला लागली. उजवी बाजू तर चांगलीच बसली. आणि तिथेच त्याची चूक झाली. आत्या भाजी आणायला गेलेली पाहून त्याने बंडी उतरवली, सैल सदरा घातला आणि पाण्याचा नुसता वास घ्यायला म्हणून तलावावर गेला. मुलं दंगा करत होती, ओल्या फरश्या चमकत होत्या. रांगा आखणारा दोर एका टोकाला सुटून पाण्यात वेडावाकडा तरंगत होता. हातांना वर्षानुवर्षांची सवय. तो वाकला, दोर ओढला, डोक्यावरच्या कडीत अडकवला. अडकवल्यावर त्याला आठवलं, आपल्याला हात वर न्यायचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत डावी बाजू टम्म फुगली. बोट लावलं की आत पाणी हललेलं दिसायचं. आत्या एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सुईने पाणी काढलं आणि सांगितलं, "यातून काही बिघडलेलं नाही. पण बंडीची मुदत वाढली. शरीराला घाई कळत नाही हो."

घरी आल्यावर बायको कडाडली. "एवढी घाई कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"ठोके ऐकायचे म्हणाली होतीस ना."

ती खुर्चीच्या हातावर टेकली. "वेड्या, मी डोकं ठेवायला जागा मागितली. सपाट जागा कधी मागितली होती?"

त्याने काखेत काचणारी बंडी सारखी केली. मग म्हणाला, "ती मला हवी होती. तू टेकशील तेव्हा मध्ये हात घालावासा वाटू नये, म्हणून."

तिने त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे, दोन्ही एकाच पदराने. "मग थांब की," ती म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

तो थांबला. बंडी धुतली जायची, वाळायची, पुन्हा अंगावर चढायची. निळे डाग पिवळे झाले आणि पुसट होत गेले. आत्याने एक दिवस छाती चाचपून पाहिली, "आता मी निघते, तुमचं घर तुम्हांला" म्हणाली आणि जाताना दारातूनच ओरडली, "खारट नको अजून!"

बंडी काढायची परवानगी मिळाली त्या रविवारी दुपारी बायकोने खिडकीचा पडदा बाजूला सारला. तो सदरा काढून पलंगावर उताणा पडला. हात दोन्हीकडे पसरून ठेवले, जणू कुणी बांधून ठेवलेत. ती जवळ आली, केस एका बाजूला घेतले आणि डाव्या बाजूला अलगद डोकं टेकवलं.

तो वाट पाहत राहिला. तिच्या गालाची ऊब यायला हवी होती. श्वास लागायला हवा होता. तिचे केस पसरलेले दिसत होते, पण कातडीवर काहीच उमटत नव्हतं.

"कळतंय?" तिने विचारलं.

"भार कळतोय," तो म्हणाला. "तू नाही कळत."

ती उठली नाही. तशीच कान लावून पडून राहिली. त्याने मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वर छताकडे पाहत राहिला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी झुरला तो क्षण अंगावर येऊन पडला होता आणि तरी एका बोटाच्या अंतरावर राहिला होता. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संवेदना परत यायला कित्येक महिने लागतात. बहुतेकांची येते. कुठेतरी एखादा तुकडा गप्प राहूही शकतो.

पुढे तलाव दुरुस्तीनंतर उघडायच्या आदल्या सकाळी, तिथे कुणी नसताना, तो तिला घेऊन गेला. तिला पोहता येत नव्हतं. ती पायऱ्यांवर बसली. तो उघड्या अंगाने पाण्यात शिरला. थंडी बरगड्यांपर्यंत चढली, मध्येच हरवली आणि पुन्हा गळ्याशी सापडली. त्याने उताणं होऊन अंग सैल सोडलं. वर आभाळ होतं. कुणीही हसत नव्हतं, आणि तरी आधी त्याने चारही बाजूंना पाहून घेतलं होतं.

बाहेर आल्यावर तो टॉवेल न घेता तिच्याशेजारी बसला. ऊन अंगावर येत होतं. एवढ्यात डाव्या बाजूला, काखेच्या थोडं अलीकडे, काहीतरी सुळकन सरकलं. मुंगी म्हणावी तर मुंगी नव्हती. पाण्याचा थेंब ओघळत होता. त्याने झटकन तिचा हात धरून तिथे नेला.

"इथे. दाब जरा."

तिने बोट टेकवलं. "आता?"

"नाही."

बोट थोडं खाली सरकलं. "आता?"

"नाही गं. मघाशी होतं."

"असू दे," ती म्हणाली, आणि बोट आणखी थोडं बाजूला नेलं. "आता?"