मिंगाची हाक

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. जन्म समुद्रातला, पण सारं आयुष्य गेलं इक्वेडोरच्या डोंगरात, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांत. रोसेंदो किश्पेच्या आजोबांनी माझं टोक घासून भोक पाडलं आणि मला आवाज दिला.

गावाने मिळून करायच्या कामाला तिथे मिंगा म्हणतात. काम निघालं की रोसेंदो पहाटे टेकडीवर जाऊन मला फुंकायचा आणि मग एकेका घराला नावाने हाक मारायचा. दारातून उत्तर येई, "तेंगो के इर", म्हणजे मला जावंच लागेल. कुरकुरत का होईना, माणूस स्वतःला त्यात धरत असे. तेव्हा मला फार मान होता.

पुढे चौकात कर्णा आला. त्यावरून गावाचे अध्यक्ष सांगू लागले, "आय के...", अमुक करायला हवं. कोणी, ते त्या बोलण्यात नसायचंच. मी मात्र रोसेंदोच्या स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून खाली पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

एका वर्षी ओढ्यावरच्या पुलाच्या फळ्या कुजल्या. मुलं त्यावरूनच शाळेत जात. "पूल दुरुस्त करायला हवा," कर्णा म्हणाला. "हवाच," गाव म्हणालं, आणि आपापल्या शेतावर गेलं. शेवटी एका सकाळी रोसेंदोने मला उचललं, धूळ पुसली आणि टेकडीवर जाऊन जीव खाऊन फुंकलं. कोणी आलं नाही.

"म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले वाटतं," शेजारचा अवेलिनो हसला.

रोसेंदोने घरी येऊन फळ्या खांद्यावर घेतल्या.

"बाबा, एकटे कुठे निघालात?" त्याची मुलगी देल्फिना म्हणाली. "सगळे म्हणतायत ना, करायला हवं म्हणून."

"सगळे म्हणतायत, म्हणूनच कुणी जाणार नाही गं. देबो इर. मला गेलं पाहिजे."

कुणी न सांगता मन सांगतं, त्यासाठी त्यांच्या भाषेत हा 'देबो' आहे. तो शब्द बोलून रोसेंदो गेला, तो परतला नाही. पुलाची कुजकी फळी त्याच्या पायाखाली मोडली आणि ओढा भरून वाहत होता.

त्याला मातीत ठेवल्यावर देल्फिना मला टेकडीवर घेऊन गेली. तिला फुंकता येत नव्हतं. माझ्यातून नुसता घोगरा आवाज निघाला. मग तिने एकेका घराला नावाने हाक मारली. सगळ्यात आधी अवेलिनो आला, मान खाली घालून. त्याच्यामागून सारं गाव आलं.

आता मी भिंतीवर असतो, देल्फिना मला रोज पुसते. पण मित्रांनो, मला मान नको. "करायला हवं" असं म्हणाल, तेव्हा पुढे आपलं नाव तेवढं जोडा. देल्फिनाने हाक मारली त्या दिवशी अंधार पडायच्या आत पूल बांधून झाला होता. एवढंच काम होतं ते.