काठाला टेकलेली फळी

मी एक फळी आहे. जहाजातून काठावर उतरताना तुम्ही जीव मुठीत धरून जिच्यावरून चालता ना, तीच.

सुताराने मला तासलं, पाय घसरू नयेत म्हणून अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि माझं एक टोक साखळीने जहाजाला जखडलं. तेव्हापासून मी इथेच.

आमचं जहाज नदीकाठची जुनी ठिकाणं दाखवत फिरतं. कुठे पडका किल्ला, कुठे जमिनीखालून उकरून काढलेलं अख्खं गाव. प्रवासी माझ्यावरून जातात आणि तोंडभरून कौतुक करत परत येतात. माझं दुसरं टोक प्रत्येक काठाला टेकतं, पण बांधापलीकडचं मी काही पाहिलेलं नाही.

मागच्या फेरीला एक आजी आल्या होत्या, लेक-सुनेबरोबर. लेकाने हौसेने आणलं होतं. पण जहाज कुठेही लागलं की तो म्हणायचा, चढ फार आहे, तू वरच बस. सून अंगावर शाल घालायची, चहा सांगायची, आणि दोघं निघून जायची. आजी कठड्याशी बसून राहायच्या. खलाशाला त्यांनी सांगितलं होतं, की लग्नाआधी त्या याच उकरलेल्या गावात सापडलेल्या मडक्यांची चित्रं काढायचं काम करत. सासरी आल्यावर ते सुटलं ते सुटलंच.

त्या गावाशी जहाज लागलं, तेव्हाही लेक तेच म्हणाला. सगळे उतरल्यावर आजी उठल्या आणि त्यांनी माझ्यावर पाऊल ठेवलं. खलाशी घुटमळला, मग त्याने मागून हात धरला.

अर्ध्यावर आल्या, तोच लेक चष्मा विसरला म्हणून परत आला.

"आई, काय चाललंय हे? मागे फिर."

आजी तिथेच उभ्या राहिल्या. "फळी अरुंद आहे, बाळा. तू बाजूला हो, म्हणजे मला उतरता येईल."

तो बाजूला झाला. आजी उतरल्या, बांध चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. तो चष्म्याविनाच मागोमाग गेला.

भोंगा झाल्यावर त्या परतल्या. चपला चिखलाने भरलेल्या. बसल्या आणि सुनेकडे पेन्सिल मागितली.

खलाशाने मला वर ओढलं, बादलीभर पाणी ओतलं. पट्टीच्या फटीत त्या गावची थोडी माती अडकली होती. तीही त्याने बोटाने काढून टाकली.

तुम्ही कधी आलात, तर उतरण्याआधी एकदा मागे वळून बघा. वर कोणी बसून राहिलं असेल, तर त्यांना येता का म्हणून विचारा. काठाला टेकूनही उतरता न येणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.