जांभळ्या घेवड्याचं बंधुमंडळ

डोरिक या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मतपेटीत लूशियस पेटिबोनच्या नावावर एक काळी गोटी निघाली आणि ब्रायरफील्ड कॉलेजातलं त्याचं आयुष्य संपलं. एकच गोटी. बाकी सगळ्या पांढऱ्या. पण एक काळी पडली की माणूस बाद, आणि का बाद ते विचारायचं नाही, हा मंडळांचा नेम. लूशियसने आधी जेवण सोडलं, भूक लागल्यावर धरलं आणि भरल्या पोटी ठरवलं, की आपण आपलंच मंडळ काढायचं.

घाई होती. शनिवारी कॉलेजचा स्थापनादिन. त्या दिवशी मंडळवाले कोटावर सोन्याची पिन लावून मिरवणुकीत पुढे चालायचे आणि बिनपिनेचे मागे. बँडच्या मागे, घोड्यांच्याही मागे. गेल्या वर्षी लूशियस घोड्यांमागे चालला होता आणि त्याच्या बुटांना ते अजून आठवत होतं. यंदा छातीवर पिन हवीच. मग त्यासाठी मानवजातीचं कल्याण करावं लागलं तरी बेहत्तर.

कल्याणासाठी त्याने चौघांना गोळा केलं. त्याच्या खोलीत राहणारा फायलो ग्रिम्स, जो कविता करायचा आणि वर वाचूनही दाखवायचा. ट्रास्क चांभाराची जुळी पोरं एनॉस आणि एमरी, ज्यांच्या कोटांना घरच्या कातड्याचा वास यायचा. आणि अब्सालोम कूट. अब्सालोम का, तर सिनसिनाटीच्या सोनाराने कळवलं होतं, की पाचाच्या खाली पिना घडवणार नाही.

गुप्त बैठका खोगीरवाल्याच्या माळ्यावर भर दुपारी व्हायच्या, कारण अंधार पडला की खोगीरवाला कुलूप लावून घरी जायचा. गुप्त शपथ इतक्या जोरात म्हटली जायची, की खाली टाके घालता घालता तो ती यांच्या आधी म्हणून मोकळा व्हायचा.

काम मात्र झपाट्याने झालं. तीन ग्रीक अक्षरं निवडली. त्यांचा अर्थ मागाहून ठरणार होता, कारण पाचही जणांचं ग्रीक मुळाक्षरांपाशीच थकून बसलं होतं. गुप्त हस्तांदोलन ठरलं: करंगळीत करंगळी अडकवायची, लहान पोरं गट्टी करताना अडकवतात तशी. मूल्यं ठरली: सत्य, विद्या, बंधुभाव. उद्देश तेवढा राहिला.

"उद्देशाखाली काय लिहू?" फायलोने विचारलं.

"जागा सोड," लूशियस म्हणाला. "उदात्त काहीतरी येईल तिथे. बरीच सोड."

मग आली निवडणूक. ती लूशियसचीच हौस. "आपण संस्थापक असलो म्हणून काय झालं? आपणही निवडूनच यायचं. नियम डोरिकांचाच, पण त्यांच्याहून कडक. एक काळा पडला की बाद. फेरमतदान नाही. नियम बदलायचा तर फक्त निवडून आलेल्या बंधूंनी. घ्या शपथ!"

चौघांनी शपथ घेतली. खालून खोगीरवाल्यानेही घेतली. अब्सालोम तेवढा नव्हता. घरी डुकरं कापायचे दिवस होते म्हणून शेतावर गेला होता.

गोट्यांऐवजी काळा आणि पांढरा घेवडा आणला होता. खोगिराच्या तेलाचे पाच रिकामे डबे, प्रत्येकावर एकेकाचं नाव. आपलं नाव सोडून प्रत्येक डब्यात एक दाणा टाकायचा. लूशियसने ट्रास्कांच्या दोन्ही डब्यांत काळा टाकला. त्यात राग नव्हता. पिनवाल्यांत चांभाराची पोरं दिसली तर डोरिक काय म्हणतील, एवढाच त्याचा उदात्त विचार. आता तो आणि फायलो, दोघं सभ्य माणसं उरणार होती.

डबे उघडले. एनॉस बाद. एमरी बाद. फायलो बाद. आणि लूशियस पेटिबोन, संस्थापक, शपथेचा कर्ता, त्याच्या डब्यात तेलकट तळाशी एक काळा दाणा बसला होता.

"हा कुणी टाकला?" लूशियसचा आवाज फाटला.

"विचारायचं नसतं," फायलो छताकडे बघत म्हणाला. "नियम तुझाच आहे."

"आणि एमरी, तुझ्या डब्यात दोन कसे रे? मी तर एकच टाकला!" एनॉसने भावाला विचारलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"जुळा भाऊ ना तू माझा?" एमरी ओरडला.

"म्हणूनच! जन्मल्यापासून सगळीकडे तू आहेसच. एक तरी जागा असावी म्हटलं, जिथे तू नाहीस!"

असा बंधुभाव दाटून आलेला असताना कुणीतरी पाचवा डबा उघडला. आत चार दाणे, चारही पांढरेशुभ्र. अब्सालोमबद्दल कुणाचं वाईट मत नव्हतं, कारण त्याच्याबद्दल कुणाचं मतच नव्हतं. तो सर्वानुमते निवडून आला होता. मंडळात आता तो एकटा होता.

"जाऊ दे, पुन्हा टाकू दाणे," एनॉस म्हणाला.

"शपथ मोडायची?" खालून खोगीरवाला ओरडला. "जीभ झडेल, असं म्हणालात ना मघाशी?"

शुक्रवारी चौघं भाड्याच्या गाडीतून कूटांच्या शेतावर गेले. पिना आल्या होत्या, त्या लूशियसच्या खिशात होत्या. डबे आणि घेवड्याची पिशवी फायलोच्या मांडीवर; उतरल्यावर त्याने ती कूटांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. अब्सालोम डुकरांच्या कोंडवाड्यात गुडघाभर चिखलात उभा होता. त्याने सगळं तोंड उघडं टाकून ऐकलं.

"म्हणजे मी आत आणि तुम्ही बाहेर?"

"तांत्रिकदृष्ट्या," लूशियस म्हणाला. "नियम बदलायचा हक्क आता तुझा एकट्याचा. तो बदल आणि पटकन चार पांढरे दाणे टाक. उद्या मिरवणूक आहे."

कालपर्यंत अब्सालोम 'बसू का?' असं विचारून बसायचा. पण माणसाला खुर्ची मिळायला वेळ लागतो, ती अंगात भिनायला नाही. त्याने कुंपणावर कोपर टेकलं, डोळे बारीक केले आणि पहिल्यांदाच लूशियसला आडनावाने हाक मारली.

"हे बघ, पेटिबोन. असं कुणालाही घेत नाही आपण."

"कुणालाही? अरे गाढवा, मंडळ मी काढलंय!"

"आणि मंडळाने तुला काढलंय." अब्सालोमला स्वतःचंच बोलणं इतकं आवडलं, की त्याने ते डुकरांकडे वळून पुन्हा म्हटलं. "आधी लायकी दाखवा. कोट काढा. इथून रांगत त्या हौदापर्यंत जायचं. हौदात तोंड बुडवायचं. मग माझ्याकडे बघून म्हणायचं, 'बंधो, मी कुणीही नाही.'"

"हे कुठे लिहिलंय?" फायलो किंचाळला.

"उद्देशाखाली जागा सोडलीय ना? तिथे लिहा."

लूशियसने चिखलाकडे बघितलं. मग त्याला गेल्या वर्षीचे घोडे दिसले. घोड्यांच्या मागे चालावं की डुकरांमधून रांगावं? डुकरांमधून रांगलेलं निदान डोरिकांना दिसणार नव्हतं. त्याने कोट काढला, नीट घडी केली आणि रांगला. मागोमाग बाकीचे तिघं. एक जाडी डुकरीण एमरीच्या पाठीवर पाय देऊन हौदापाशी त्यांच्या आधी पोचली. तिला तरी कुणी काही म्हणायला लावलं नाही.

अब्सालोमचं समाधान होईपर्यंत दुपार सरली. थबथबलेले चौघं 'बंधो, मी कुणीही नाही' म्हणून स्वयंपाकघरात आले तेव्हा टेबलावरची पिशवी गायब होती.

"दाणे कुठे गेले, बाई?" लूशियसने विचारलं.

"भांड्यात," अब्सालोमची आई पळी हलवत म्हणाली. "पाहुणे येताना घेवडा घेऊन आले म्हटलं. शहरातली असून वळण आहे हो पोरांना! बसा, चरबी घालून शिजवलाय. आणि आधी तोंडं धुवा, शी!"

लूशियसने भांड्यात डोकावलं. काळ्याचा रंग सुटून पांढऱ्याला लागला होता. सगळा घेवडा एकजात जांभळा.

"आता रे?" एनॉस म्हणाला.

"आता काय?" अब्सालोमने पळीने एक दाणा काढून लूशियसच्या डब्यात टाकला. "हा पांढरा. मी म्हणतो म्हणून. पेटिबोन, आलास आत. लाव पिन."

चिखलाच्या शर्टावर लूशियसने पिन लावली. करंगळीत करंगळी अडकली. डोळ्यांत पाणी आलं. थोडं भावनेचं, बरंचसं हौदातलं.

"आता फायलो," अब्सालोम म्हणाला. "आता आपण दोघं मतदार. टाक तुझा दाणा."

फायलोच्या केसांतून पाणी गळत होतं. तो लूशियसकडे बघून ओशाळं हसला. एकाच खोलीत राहणारा, एकाच पावाचे दोन तुकडे करून खाणारा मित्र. लूशियसने एक जांभळा दाणा उचलला. त्याच्या छातीवर पिन लागून अजून ती गारसुद्धा व्हायची होती, पण एक गोष्ट त्याला आता स्वच्छ कळली होती: सगळ्यांच्याच छातीवर असली तर पिनेला अर्थ काय?

"काळा," तो म्हणाला आणि दाणा डब्यात टाकला.

"अरे, मीही रांगलो की!"

"कारण विचारायचं नसतं."

ट्रास्क बंधूंचाही तसाच निकाल लागला. परतीच्या गाडीत तिघं एका बाकावर आणि पिनवाला समोर, असे बसून आले. कुणी बोललं नाही.

पण फायलो कवी. गप्प किती बसणार? शनिवारी सकाळपर्यंत त्याने कॉलेजभर केलं, की एक मंडळ निघालंय, इतकं कडक, की त्याने स्वतःच्या संस्थापकालाच आधी नाकारलं! बदनामीच करायची होती त्याला. झालं उलटंच. अशा मंडळापुढे डोरिक म्हणजे धर्मशाळा, असं जो तो म्हणायला लागला.

मिरवणुकीत लूशियस पुढे चालला. शेजारी अब्सालोम, त्याने लूशियसची करंगळी गावभर सोडली नाही आणि त्याच्या अंगाचा डुकराच्या चरबीचा वास बँडच्याही पुढे पोचत होता. लूशियसने श्वास रोखून धरला, छाती फुगली आणि पिन चमकली. मागे, घोड्यांच्या मागे, फायलो आणि ट्रास्क बंधू बूट उचलून उचलून टाकत येत होते.

चर्चपाशी डोरिकांचा अध्यक्ष रांग सोडून जवळ आला. ती काळी गोटी ज्याची, तो हाच, असं लूशियसला पहिल्यापासून वाटत होतं. अध्यक्षाने टोपी काढली. त्याच्या कोटावर पिनेची जागा रिकामी होती, फक्त दोन भोकं दिसत होती.

"मिस्टर पेटिबोन," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे... म्हणजे माझा काही विचार होऊ शकेल का?"

या घडीसाठी लूशियस जन्माला आला होता. त्याने सावकाश मान वळवून अब्सालोमकडे बघितलं. अब्सालोमने अध्यक्षाला नखशिखांत न्याहाळलं आणि त्याच्या पांढऱ्या स्वच्छ विजारीच्या गुडघ्यांवर नजर रोखली.

"रांगता येतं का याला?"