खरेदीदार क्रमांक एक

"सर, ही उडी बघा," टाचणी म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कुणाचाही आकडा ती टोचून बघितल्याशिवाय सोडत नसे, म्हणून विभागात तिला ते पडलं होतं. सरांची ती शेवटची विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्याच खोलीत बसणारी सहकारी.

पडद्यावर सात बाजारांतल्या भावांच्या सात रेघा होत्या. सहा रेघा एकमेकींचा हात धरल्यासारख्या बरोबरीने वरखाली होत होत्या. सातवी गेल्या उन्हाळ्यात एकदम वर चढली होती आणि वरच राहिली होती. तो बाजार सरांच्या घराजवळचा.

"संगनमत," सर म्हणाले. "गाळेवाल्यांनी आपसात भाव ठरवलाय."

"मलाही तेच वाटतंय. घाऊक भाव वाढलेला नाही. गाळ्याचं भाडं तेवढंच आहे. खरेदी करणारा माणूससुद्धा बदललेला नाही. पहिल्यापासून खरेदीदार क्रमांक एकच आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारपर्यंत थांब," ते म्हणाले.

"पण सर, सोमवारीच अहवाल द्यायचाय."

"मग सोमवारी देऊ."

खाण्यापिण्याच्या वस्तू कुठे, कशा आणि काय भावाने विकल्या जातात, याच्या अभ्यासात सरांची सगळी नोकरी गेली होती. त्यांचा एक नियम होता. विचारलेला भाव म्हणजे गप्पा, दिलेला भाव म्हणजे भाव. म्हणून त्यांची माणसं बाजारात वही घेऊन फिरत नसत. प्रत्येक बाजारात एक खरेदीदार नेमलेला असे, आणि तो दर आठवड्याला ठरलेली टोपली खरोखर विकत घेई. सुरुवातीला नेमायला पैसे नव्हते, तेव्हा घराजवळच्या बाजाराची टोपली सरांच्या बायकोने उचलली. ती खरेदीदार क्रमांक एक. पुढे पैसे आले, इतर बाजारांत माणसं आली, पण तिने आपला बाजार सोडला नाही. घरी पाहुणे आले की ती सांगायची, "आमच्याकडे जेवण नसतं हो, आम्ही नमुना संपवतो."

गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

टोपली मात्र थांबली नाही. सर स्वतः पिशवी घेऊन जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात घरी येऊन त्यांनी भाव संगणकात भरले. शेवटचा रकाना खरेदीदाराचा होता. बोट एकावर गेलं आणि तिथेच दाबलं गेलं. ती चूक नव्हती. दुसऱ्या आठवड्यातही त्यांनी तेच केलं. नंतर त्या रकान्याकडे त्यांनी बघणंच सोडलं. भाव बाजाराचा असतो, पिशवी कुणाच्या का हातात असेना, असं त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं.

आता त्या एका आकड्यावर एका बाजाराचं पोट टांगलं होतं. अहवाल गेला की पुरवठा खातं गाळ्यांचे परवाने बंद करणार, हे ठरल्यासारखं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "सर, तुमचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तुम्ही म्हणा, आम्ही कुलूप लावतो." निवृत्तीच्या तोंडावर असा शोधनिबंध कुणाला नको असतो? सरांनाही हवाच होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, एकट्या माणसाला एवढे टोमॅटो कशाला लागतात? मागच्या वेळी फ्रीज उघडला तर माझ्या पायावर पडले."

"टोपली बदलली की मालिका तुटते गं."

"आई असताना निदान शेजारी तरी वाटायची."

"ते तिचं खातं होतं," सर म्हणाले. 

रविवारी बाजारात गेल्यावर त्यांनी लगेच काही घेतलं नाही. टोमॅटोवालीच्या गाळ्याशी बाजूला उभे राहून ते नुसते ऐकत राहिले. पुढच्या बाईने टोमॅटो चार वेळा खाली ठेवले, पाचव्यांदा उचलले आणि बरेच कमी देऊन गेली. मागच्या माणसाने थोडे जास्त दिले. मग टोमॅटोवालीने सरांना भाव सांगितला. तो सगळ्यांत चढा होता.

"एकच माल, मग तीन भाव कसे?" सरांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही भाव ऐकता आणि पाकीट काढता. पाकीट बाहेर आल्यावर मी कशाला कमी सांगू?"

शेजारचा कांदेवाला हसला. "साहेब आले की आमचा दिवस चांगला जातो."

सरांनाही हसू आलं. "आणि आमची ही यायची तेव्हा?"

टोमॅटोवालीने तराजू खाली ठेवला. "ताई आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या. मग मालाला नावं ठेवायच्या. मग चालायला लागायच्या. चार गाळे फिरून परत येईपर्यंत माझाच जीव टांगणीला. त्यांचा भाव या बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हता." तिने तराजू पुन्हा उचलला. "तुम्हालाही त्यांच्याच भावाने लावते आजपासून."

"नको," सर म्हणाले. "तो तिने मिळवला होता. मला माझा लावा." त्यांनी पाकिटाकडे नेलेला हात मागे घेतला. "पण थोडा कमी करा. हे टोमॅटो मऊ पडलेत."

"आता शिकला बघा," कांदेवाला म्हणाला.

सोमवारी सर खोलीत शिरले ते पिशवी घेऊनच.

"खरेदीदाराचा रकाना चुकलाय," ते टाचणीला म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यापासून खरेदी मी करतोय. आकडा मी तिचाच टाकत राहिलो."

टाचणीने पडदा आपल्याकडे वळवला. "मला विचारायला हवं होतं, सर. क्रमांक एक कोण आणि त्या कधी गेल्या, मला तर सगळं माहीत होतं."

"सगळ्यांना टोचतेस. मला नाही टोचलंस."

"तुम्हाला कसं टोचणार?"

सरांनी खुर्ची ओढली, प्रत्येक आठवड्यापुढचा एक खोडला आणि तिथे नवा क्रमांक टाकला. मग अधिकाऱ्याला फोन लावला. "संगनमत नाही. कुलपं परत ठेवा. होय, चूक आमची. तसं लिहूनच देतो." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"निबंध गेला की हो, सर," टाचणी म्हणाली.

"गेला कुठे? आता खरा हाती लागला. बाजार काय भाव लावतो, एवढंच आपण इतकी वर्षं विचारलं. कुणाला लावतो हे विचारलंच नाही. निवृत्तीपर्यंत मांडणी माझी, पुढचं तू कर."

तिने आलेख नव्याने काढला. सातवी रेघ उन्हाळ्यापर्यंत खालून, इतर रेघांच्या सोबतीने आली आणि संपली. थोड्या अंतरावर, बरीच वर, दुसरी रेघ सुरू झाली.

"मध्ये तुटक रेघ देऊन जोडू का?"

"नको. तेवढी जागा राहू दे."

टाचणीने आलेख तसाच ठेवला. सर उठले आणि त्यांनी टोमॅटोची पिशवी तिच्या टेबलावर ठेवली.

"जाताना घरी घेऊन जा," ते म्हणाले. "नमुना संपवायला माणूस कमी पडतोय."