खाडीवरचं गाऱ्हाणं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. दशरथ. गिरणीचा संप चिघळला, नोकरी गेली आणि आमचे हे बोलायचेच बंद झाले. पुढे साकीनाक्याला एका वर्कशॉपात चिकटले, पगार आणायचे, पण तोंडातून शब्द नाही. "जेवूक वाढू?" विचारलं की मान हलवायची, बस. मी मेली बडबडी बाई, भिंतीशी किती बोलणार?

पहाटे मात्र हे हायवे ओलांडून खाडीवर जायचे आणि मी मागोमाग. घाटकोपरची ती खाडी, लोक नाक दाबायचे. मला तिथे झोपेतच चालल्यासारखं वाटायचं. पलीकडचा ट्रॉम्बेचा डोंगर धुक्यात विरघळून जायचा. भरती आवाज न करता यायची, तिवरांच्या मुळांतून वर चढायची आणि बघता बघता झाडं पाण्यावर तरंगायला लागायची. तेव्हा ह्यांचे ओठ हलायचे. शब्द नाही फुटायचा, पण हलायचे हो! बोलले तर इथेच बोलतील, असं मला आतून वाटायचं.

अशात खाडीकाठी बाग होणार अशी बातमी आली. बाकं, दिवे, झोपाळे, वस्ती एकदम खूश. नकाशा घेऊन सामंत नावाचे इंजिनियर साहेब आले. मी विचारलं, "ह्यात पाणी कुठाय?"

"पाणी भिंतीपलीकडे, बाई. तिवरं काढायची, भराव घालायचा, मग दगडी भिंत."

बाग मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू? पण पाणी गेलं तर माझा माणूस कायमचा मुका राहिला असता.

"बाग थोडी मागे घ्या ना साहेब! तिवरांतून फळ्यांची वाट काढा, खालून भरती येऊ दे. माणसं पाण्यावरून चालतील!"

"स्वप्नात ठीक आहे," साहेब हसले. "वरून ठरलंय, माझ्या हातात काही नाही."

कामाचा नारळ फोडायच्या दिवशी पाणी चढत होतं. ऊनसुद्धा दुधात भिजल्यासारखं. साहेब म्हणाले, "वस्तीतल्या कुणीतरी फोडा." आणि पुढे कोण झालं? आमचे हे! आमच्या कोकणात गाऱ्हाणं घातल्याशिवाय नारळ फोडत नाहीत. एकाने देवाला मागणं सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे काय सांगणार, कपाळ?

हे गुडघाभर पाण्यात उतरले. ओठ हलले. आणि गंजलेली कडी निघावी तसा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा, ह्या खाडीच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" वस्ती ओरडली.

"हय बाग होवची हा, ती खुशाल होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"पण तुझ्या भरतीची वाट कोणी अडवू नये, तिवरांक कोणी हात लावू नये!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या खेपेला सगळ्यांत खणखणीत आवाज साहेबांचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. साहेबांनी डोळे उघडले आणि कानापर्यंत लाल झाले. "आमचे आजोबा वेंगुर्ल्याला गाऱ्हाणं घालायचे," ते पुटपुटले. "तोंडातून आपोआप निघालं."

आमचा शेजारी गुणाजी म्हणाला, "निघालां ता देवासमोर निघालां, साहेबानू. आता मागे फिरूक जमाचा नाय."

पाणी साहेबांच्या बुटांत शिरत होतं, तरी ते हलले नाहीत. तिवरांकडे बघत म्हणाले, "भिंत मागे घ्यायला लावतो. वर भांडावं लागेल. भांडतो."

लोकांनी एकच गिल्ला केला. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. हे पाण्यातून माझ्याकडे वळले होते.

"प्रेमा," हे म्हणाले, "रडतंस कित्याक गे?"