डाव्या कडेचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे; पण माझ्यावरून आजवर कुणी कुणाला फोन केलेला नाही. माझ्यात कधी कार्ड घातलंच नाही. "पोहोचलास का?", "जेवलास का?" असले प्रश्न माझे भाऊबंद दिवसभर इकडून तिकडे पोहोचवतात. माझ्या नशिबी ते नव्हतं. मी तपासणीचा फोन. माझ्या पाठीवर कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर शाईने 'लहान' असं लिहिलेलं आहे. तेच माझं नाव.

सध्या बॅटरी फुगून माझी पाठ उचकटली आहे. आज ना उद्या मला टाकून देतील, हे मला कळतं. त्याआधी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो मला कधी भेटला नाही. मी त्याचा फक्त फोटो पाहिला, आणि तोही फार उशिरा.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझी काच पुसली, मला उजेडात धरलं आणि पुढे ढकललं. तेव्हाही मी कुणी बडी असामी नव्हतो. पडदा छोटा, किंमत कमी, अंगात बेताचीच ताकद. पण मित्रांनो, जगात बहुतेकांच्या खिशात माझ्यासारखेच फोन असतात, आणि म्हणूनच मला त्या ऑफिसात आणलं गेलं.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे वेबसाइट बनवायचे. वेबसाइट बनवायची तर आधी टेम्प्लेट, म्हणजे साचा, तयार करावा लागतो. इथे नाव, इथे मजकूर, इथे फोटो. मग त्यात कुणाचीही माहिती भरली की पान तयार. खरी भानगड असते ती फोटोंची. कुणाचा फोटो ताडमाड उंच, कुणाचा आडवा पसरलेला, आणि साच्यातली जागा मात्र ठरलेली. मग साचा फोटो लहान करतो, नाहीतर कापतो. नेमकं काय कापलं जातंय, हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. ते काम खुसपटरावांचं आणि माझं.

खुसपटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. प्रत्येक पानात खुसपट काढतात म्हणून ऑफिसने ठेवलेलं. बारीक अंगाचा, सतत नाक ओढणारा माणूस. साचा बनवणारी ताई म्हणायची, "झालं बाई एकदाचं," की हे मला उचलायचे आणि मुद्दाम वेडेवाकडे फोटो त्यात टाकायचे. लग्नातला वीस माणसांचा फोटो, उलटा काढलेला फोटो, कुणाचं बोट मध्ये आलेला फोटो. बाकीचे सगळे एकच नमुन्याचा फोटो वापरायचे. निळा शर्ट घातलेला एक गृहस्थ, बरोबर मधोमध उभा, दात दाखवून हसणारा. फुकट मिळणारा फोटो होता तो. खुसपटराव त्याला निळे साहेब म्हणायचे. निळे साहेब कधी डॉक्टर व्हायचे, कधी मुख्याध्यापक, कधी दुकानदार, आणि कुठल्याही साच्यात ते अगदी छान दिसायचे.

एकदा जनावरांच्या दवाखान्याचं पान होतं. मोठ्या कॉम्प्युटरवर सगळं झकास. माझ्यावर उघडलं, तर डॉक्टरांच्या नावाखाली म्हशीचं तोंड! डॉक्टर फोटोत म्हशीच्या शेजारी उभे होते. साच्याने त्यांना कापून टाकलं होतं. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. "वाचवलंस रे बाबा," असं म्हणून ताईने मला लाल कव्हर आणून घातलं. मित्रांनो, त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला, तितका पुन्हा कधी वाटला नाही.

पण खुसपटं काढणारा माणूस कुणाला फार काळ सोसत नाही. ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते एक दिवस चिडले.

"गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय आणि तुम्ही अजून कडा तपासताय? फोटोत कडेला उभं कोण राहतं हो?"

"लाजाळू माणसं," खुसपटराव म्हणाले.

महिनाअखेरीस ते ऑफिस सोडून गेले. जाताना त्यांनी मला शर्टाच्या बाहीला पुसलं आणि ताईच्या हातात दिलं. ताईने मला टेबलाच्या खणात ठेवलं. तिला वाईट वाटलं असावं. त्यानंतर तपासणी म्हणजे मोठ्या पडद्यावरचीच चौकट फोनएवढी अरुंद करून बघायची, निळे साहेब नीट दिसले की पुढचं काम घ्यायचं. मी सुकलेली पेनं, तुटक्या वायरी आणि बिस्किटाचा चुरा यांच्या संगतीत पडून राहिलो. माझी पाठ फुगायला लागली ती तिथेच.

अशात हरवलेल्या माणसांचं काम आलं. एक संस्था होती. घरचं कुणी हरवलं की लोकांनी फोटो आणि माहिती तिच्या वेबसाइटवर टाकायची. ज्याला तो माणूस दिसेल त्याने कळवायचं. ताईने मन लावून साचा केला. लहान फोनवर पान झटकन उघडावं म्हणून तिने एक युक्ती केली. फोटो आला की त्याचा मधला चौकोन कापून त्याची छोटी प्रत साठवायची आणि लहान फोनवर तेवढीच दाखवायची. मोठ्या पडद्यावर पूर्ण फोटो, आमच्यासारख्यांवर चौकोन. निळे साहेब चौकोनात चपखल बसले. "सुरेख!" सर म्हणाले. मला कुणी खणातून काढलं नाही.

काही दिवसांनी एका मुलीचा फोन आला. ताई बोलत होती तेव्हा मी दोन हातांवर खणात होतो. ताईने स्पीकर लावला होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"मॅडम, माझे बाबा हरवलेत. त्यांना आठवत नाही हो काही, घरचा पत्ताही नाही. तुमच्या वेबसाइटवर त्यांची माहिती टाकलीय, पण फोटो भलत्याच माणसाचा दिसतोय."

ताईने लगेच मोठ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. "तीन माणसांचा फोटो आहे तोच ना? डावीकडे दाढीवाले?"

"हो, तेच बाबा."

"मग आमच्याकडे बरोबर दिसतंय."

"माझ्याकडे नाही दिसत, मॅडम. काका दिसतात."

"पान बंद करून पुन्हा उघडा. नाहीतर फोन एकदा बंद-चालू करून बघा."

मुलीने ते सगळं केलं असणार. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला, आणि ताईने पुन्हा तेच उत्तर दिलं. ताई दुष्ट नव्हती, मित्रांनो. तिच्यासमोर जे दिसत होतं तेच ती सांगत होती. मी मात्र खणात तळमळत होतो. ताई, एकदा खण उघड, मला दोन घोट वीज दे आणि माझ्यावर ते पान बघ, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण तोंड असून मी मुका.

मग ती मुलगी स्वतःच जिना चढून आली. सोबत तिचे काका होते. त्यांच्या शर्टाची बाही खांद्यात उसवली होती.

"हे बघा यांचं काय झालं!" मुलगी धापा टाकत म्हणाली. "सकाळी स्टेशनवर बाबांना शोधत होते. लोकांनी यांनाच धरलं. 'सापडले, सापडले' म्हणून मला फोन केला. मी अनवाणी धावत गेले, आणि बघते तर काका!"

"मी सांगत होतो, अहो, मी हरवलेलो नाही, माझा भाऊ हरवलाय," काका म्हणाले. "तर ते म्हणे, बिचाऱ्याला काही आठवत नाही, घट्ट धरा."

कुणीतरी हसलं. मुलीने आपला फोन पुढे केला. तो हुबेहूब माझ्यासारखा होता. त्याच्यावर तिच्या बाबांचं नाव होतं आणि वर काकांचं तोंड. फोटोत तिघे होते. उजवीकडे काकू, मध्ये काका, आणि पार डाव्या कडेला, निम्मा खांदा बाहेर गेलेले, बाबा.

"यांचा दुसरा एखादा फोटो नाही का?" ताईने विचारलं.

"दाढी वाढल्यापासूनचा हाच. फोटो काढायचा म्हटलं की बाबा कडेला सरकतात. नाहीतर पळूनच जातात."

तेव्हा कुठे खण उघडला. ताईने मला बाहेर काढलं, वायर जोडली. माझी फुगलेली पाठ बघून सर म्हणाले, "अगं, फुटेल तो." ती म्हणाली, "फुटू दे." मी जेमतेम जागा झालो. तिने पान उघडलं, आणि जे इतके दिवस दाखवायचं होतं ते मी दाखवलं. काकांचं तोंड, बाबांचं नाव.

ताईने तिथल्या तिथे साचा बदलला. आता चौकोन आंधळेपणाने मधोमध कापला जाणार नव्हता. फोटो टाकणाऱ्याने आपल्या माणसावर बोट ठेवायचं आणि त्याच्याभोवती चौकोन पडायचा. मग तिने तपासलं. पण कशावर? घाईघाईने तिने एक नवी नोंद केली, कडेला माणूस असलेला दुसराच एक फोटो घेतला, बोट ठेवलं आणि माझ्यावर पाहिलं. चौकोनात बरोबर तोच माणूस आला. "झालं!" ताई म्हणाली. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मुलीने दोन्ही हातांनी डोळे पुसले. "आता दिसतील ना सगळ्यांना?" तिने विचारलं. "दिसतील," ताई म्हणाली. ते दोघे पुन्हा शोधायला निघून गेले.

मित्रांनो, त्या क्षणाची आठवण मला अजून जाळते. साचा बदलला तो नव्या फोटोंसाठी. आधी कापून साठवलेल्या छोट्या प्रती होत्या तशाच राहिल्या. माझ्या पडद्यावर वर ती नवी नोंद होती, आणि तिच्याखाली, जरासं बोट सरकवलं असतं तर दिसली असती, अशी बाबांची नोंद होती. तिच्यावर अजून काकाच होते. खुसपटरावांनी बोट सरकवलं असतं. सरकवल्याशिवाय त्यांना चैनच पडलं नसतं. ताईने मला टेबलावर ठेवलं आणि थोड्या वेळाने माझा पडदा आपोआप काळा झाला.

दोन दिवसांनी बाबा स्टेशनमागच्या मालगाड्यांच्या यार्डात सापडले. दोन डब्यांच्या सावलीत बसले होते म्हणे, पाय जवळ घेऊन. उन्हाने आणि तहानेने जीव गेला होता.

हे काकांनी ऑफिसात येऊन सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सापडायच्या आदल्या दिवशी स्टेशनवरच्या पाणीवाल्याने त्याला पाहिलं होतं. बाकावर बसलेला. त्याला संशय आला, म्हणून त्याने फोन काढून तुमच्या पानावरचा फोटो ताडून पाहिला. चेहरा जुळेना. मग त्याने त्याला एक बाटली पाणी दिलं आणि जाऊ दिलं. रडत होता बिचारा पाणीवाला. मी त्याला काय सांगू?"

ताईने मला उचललं. पान उघडलं, बोट सरकवलं. काका समोर उभे होते आणि माझ्या पडद्यावरही काकाच होते.

त्यानंतर तिने हरवलेल्या सगळ्यांच्या जुन्या प्रती पुसल्या आणि एकेका घरी फोन करून विचारलं, "फोटोत तुमचं माणूस कोणतं?" कितीतरी चौकोनांत भलतीच माणसं निघाली. एका चौकोनात नुसता पडदा होता, खिडकीचा. प्रत्येक फोटो कापून झाला की ती माझ्यावर उघडून बघायची. निळ्या साहेबांना तिने कॉम्प्युटरमधून कायमचं काढून टाकलं. सर आता घाई करत नाहीत. खुसपटरावांना त्यांनी परत बोलावलं, पण ते आले नाहीत.

काल ती मुलगी आली होती. बाबांची नोंद काढून टाकायची होती. फोनवर सांगितलं असतं तरी झालं असतं, पण ती आली. नोंद पुसण्याआधी ती म्हणाली, "एकदा मला या फोनवर दाखवाल?" ताईने मला तिच्या हातात दिलं. माझ्या पडद्यावर तिचे बाबा आले. चौकोनाच्या अगदी मधोमध. पांढरी दाढी, निम्मा खांदा, आणि पळून जायच्या बेतात असल्यासारखं लाजरं हसू. तिने माझ्या काचेवरून अंगठा फिरवला.

"हो," ती म्हणाली. "आता बरोबर दिसतंय."

मित्रांनो, माझी पाठ आता काच उचलायला लागली आहे, तेव्हा फार बोलत नाही. मोठेपणी तुम्ही काय बनवाल मला ठाऊक नाही. पण तुमच्या कामात काहीतरी चुकलंय असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर आपल्या पडद्याकडे बघून उत्तर देऊ नका. त्याचा पडदा हातात मागून घ्या आणि त्यावर बघा. दुरुस्ती केलीत तर ज्याने तक्रार केली त्याचंच पान आधी उघडा. आणि फोटो काढताना कडेला सरकणारं तुमच्या घरी कुणी असेल, तर आजच त्याचा हात धरून त्याला मध्ये उभं करा.